चार नंबरच्या टार्गेटवरची चौदा भोकं

पुणं का सोडलंत, असं कोणी विचारलं की मी हिचे गुडघे पुढे करतो. नारायण पेठेतलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला. एवढं सांगितलं की विचारणारा मान हलवतो आणि विषय बदलतो. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात मी आजवर तीनदा लिहिलं. एकदा आंब्यांवर, एकदा आकाशकंदिलावर, एकदा इथल्या उन्हाळ्यावर. तिन्ही लेख लोकांना आवडले आणि तिन्हींत मी खरं कारण टाळलं. नऊ वर्षं टाळतो आहे. यंदा संपादकबाईंनी पुन्हा घर सोडतानाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा ही म्हणाली, "या वेळी खरं लिहा. नाहीतर आंबे आहेतच."

म्हणून लिहितो आहे. जे पुण्यात राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे म्हातारपणी मुलांच्या मागे परदेशी आले त्यांच्यासाठीही.

निघालो त्या दिवशी सकाळी सहाला टॅक्सी दाराशी आली. चार बॅगा, हिची काठी, शेजाऱ्यांच्या हातात दिलेली किल्ली. वरच्या गॅलरीतून कोणीतरी हात हलवत होतं, ते कोण हे चष्म्यातून नीट दिसलं नाही. ड्रायव्हरने गाडी शनिवार पेठेच्या दिशेला वळवली, तसा मी पुढे वाकून म्हणालो, "तिकडून नको, गर्दी असते."

"सकाळी सहाला?" ही म्हणाली.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी दुसरीकडून घेतली. शनिवार पेठेत त्या वेळी गर्दी नव्हती. तिथे रशीदभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि ते दहाशिवाय उघडत नसे. पण बंद शटरसमोरून जायचीही माझी तयारी नव्हती.

मी गणिताचा मास्तर. पेठेतल्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, पण लोक मला ओळखत ते कॉपी पकडणारा म्हणून. परीक्षेच्या वर्गात शिरलो की मी मुलांचे चेहरे बघत नसे. आधी बाही, मग पट्टीची मागची बाजू, मग बूट. दुसऱ्या शाळांतूनही मला बोलावणी येत. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, सवय सुटली नाही. दूधवाल्यावर संशय, गॅसवाल्यावर संशय, पेपर उशिरा टाकणाऱ्यावर संशय. ही एकदा म्हणाली होती, "मला तरी आता पास करून टाका."

रशीदभाई शेख यांच्या दुकानात मी वडिलांचं घड्याळ घेऊन जायचो. किल्लीचं जुनं घड्याळ, रोज पाच मिनिटं मागे पडायचं. त्यांची मुलगी नसीम आमच्याच शाळेत होती. दहावीच्या वर्षी सगळ्या परीक्षांत तिच्या बाकाशी मी एकदाही थांबलो नाही. थांबायची गरज नव्हती. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण वेळ आली तेव्हा मी ते ठेवलं नाही.

रशीदभाईंना कॉलेजपासून रायफल नेमबाजीचा नाद होता आणि तो त्यांनी मुलीलाही लावला. ती कोथरूडच्या एका लॅबमध्ये नोकरी करायची आणि रविवारी बापलेक क्लबात जायचे. एक दिवस मी त्यांच्या काउंटरवर कागदावर काहीतरी आकृती काढून दाखवत होतो, तर रशीदभाई आकृतीऐवजी माझ्या हाताकडेच बघत राहिले. म्हणाले, हात स्थिर आहे तुमचा, फळ्यावर सरळ रेघ मारणाऱ्याचा असतो तसा, क्लबात या. मला वाटलं, यांना नवीन सभासद आणण्याबद्दल काही मिळत असणार. तसं मी विचारलंही. ते हसले. "फायदा आहे ना, सर. रविवारी माझं ऐकून घेणारं कोणीतरी मिळेल."

मग काही महिने मी लहान रायफलीवर पन्नास मीटरला शिकलो. अर्ज, फोटो, डॉक्टरचा दाखला, पोलिसांकडची चौकशी. माझी चौकशी कोणी करावी याचाही मला राग आला होता. पण हात खरंच बरा होता. तेव्हा एका हिवाळ्यात शहराबाहेरचं लांब पल्ल्याचं मैदान क्लबला शनिवार-रविवार असं दोन दिवसांसाठी मिळालं आणि एक जागा रिकामी आहे म्हणून रविवारी मलाही नेलं. तीनशे मीटर. आमच्या घरापासून लक्ष्मी रस्त्याला निघालं तर भाजी घ्यायला मी तेवढंच चालत असे. ते अंतर जमिनीवर पालथं पडून बघितलं तेव्हा खोटं वाटलं. टार्गेटमधला काळा गोल भिंतीवरच्या माशीएवढा दिसत होता, आणि ऊन वाढेल तशी ती माशीही हलायला लागली.

नसीमसाठी तो दिवस माझ्यासारखा हौसेचा नव्हता. राज्याच्या संघाच्या चाचणीला जायचं तर तिला त्या दहा गोळ्यांत ठरावीक गुण हवे होते. ती अठ्ठावीस वर्षांची होती, लग्नाची बोलणी सुरू होती, पुढच्या वर्षी रविवार आपले राहतील की नाही हे तिला माहीत नव्हतं. ती चार नंबरवर होती. मी तिच्या शेजारी, तीन नंबरवर.

आता तिथली पद्धत सांगायला हवी. पलीकडच्या टोकाला मातीचा उंच बांध असतो आणि बांधाआड माणूसभर खोल खंदक. खंदकात माणसं उभी राहतात, टार्गेटं त्यांच्या डोक्यावर. दहा गोळ्या झाल्या की शिट्टी होते, टार्गेटं खाली ओढतात आणि भोकं मोजतात. एक भोक मोजायचं की त्यावर खळ लावून कागदाची चिठ्ठी चिकटवायची, म्हणजे तोच कागद पुढच्यांना चालतो आणि मोजणीही चुकत नाही. तीन आणि चारच्या खाली उतरायचा माणूस त्या दिवशी आला नव्हता. रशीदभाई तयार झाले, पण आधी त्यांनी विचारलं, चारवर माझी मुलगी आहे, चालेल का. मैदान सांभाळणारे निवृत्त सुभेदार होते. ते म्हणाले, "तुम्ही नाय चालणार तर कोण चालणार?"

खंदकाकडे निघण्याआधी रशीदभाई माझ्याजवळ उकिडवे बसले. "सर, एकच गोष्ट. प्रत्येक गोळीआधी टार्गेटखालचा नंबर वाचायचा. मोठ्याने वाचा, इथे कोणी हसत नाही." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, गणिताच्या मास्तराला तीनचा आकडा वाचायला शिकवतात.

पहिली गोळी सुटली ती मी सोडली असं म्हणता येणार नाही. दंडाला पट्टा आवळलेला, गाल लाकडावर दाबलेला, अर्धा श्वास सोडून थांबलेला, आणि खांद्याला कोणीतरी बुक्की मारावी तसा धक्का. कानांवर जाड आवरणं असूनही आवाज छातीत शिरला. जळक्या दारूचा वास, दिवाळीच्या सकाळसारखा. मग काहीच नाही. फळ्यावर चूक झाली तर लगेच दिसते. इथे गोळी गेली कुठे हे समजायला दहाही संपेपर्यंत थांबायचं होतं. मला त्या थांबण्याचाच संशय यायला लागला. वारा दाखवणारा झेंडा डावीकडे हलायचा, मला वाटायचं खोटं दाखवतोय. रायफलीवरचं, नेम धरायचं मागचं भोक मला तिरकं वाटत होतं. शेजारी नसीम इतक्या शांतपणे पडून होती की तिची गोळी सुटली तरच ती जागी आहे हे कळायचं.

सहा गोळ्या झाल्या आणि घामाने चष्म्यावर वाफ धरली. मी कुशीवर वळलो, चष्मा पुसला, पुन्हा पालथा झालो, कंबर जरा सरकवून घेतली. काळा गोल समोर आला. नंबर वाचला नाही. चार गोळ्या मारल्या, आणि त्या चार आधीच्या सहांपेक्षा चांगल्या गेल्या असं मला आतून वाटलं. दहावी झाल्यावर डोकं उचललं आणि नळीच्या रेषेत सरळ समोर पाहिलं.

टार्गेटखाली चारचा आकडा होता.

हे मला तेव्हाच कळलं. नऊ वर्षांत मी हिलादेखील असं सांगत आलो की नंतर लक्षात आलं, घरी गेल्यावर शंका आली. तसं नाही. शिट्टी होण्याआधी मला माहीत होतं.

वॉकीटॉकीवर रशीदभाईंचा आवाज आला. "तीनवर सहा. चारवर चौदा." जरा थांबून, "पुन्हा मोजली. चौदाच आहेत."

सुभेदार सगळ्यांत आधी माझ्याकडे आले. त्यांना अंदाज होताच. गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सर, चुकून चारवर तर नाय ना गेल्या? नवख्याचं होतं असं. माझंबी झालंय."

आमचे वडील पोस्टात होते. ते म्हणायचे, चूक झाली की आधी हात वर कर, कारण मागून सांग. मी हे वर्गात हजारदा मुलांना ऐकवलं असेल. त्या दिवशी मागे माझे दोन जुने विद्यार्थी उभे होते, आता मोठे झालेले, पोट सुटलेले. त्यांनी सरांना नेमबाजी करताना मोबाइलवर टिपलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. कोणाचाच उलगडा झाला नसता, सगळ्यांनी खांदे उडवले असते, कदाचित तिला पुन्हा दहा गोळ्या दिल्या असत्या. पण कोणीतरी म्हणालं, मग जास्तीची चार आली कुठून. आणि मी बोलायला लागलो. माझ्या चार मातीत गेल्या असतील, मी नवखा आहे, असं आधी नम्रपणे कबूल केलं. मग विचारलं, खंदकात गुण लिहायला पेन्सिल असते ना. सुभेदारांचा चेहरा बदलला. फौजेत कच्च्या माणसाला पास करायला पेन्सिलीने भोकं पाडतात, हे त्यांनीच मागे चहाच्या वेळी हसत सांगितलं होतं. मी पुढे गेलो. बापाला वाटलं असेल, मुलीच्या तीन-चार वाया जातील, म्हणून आधीच पाडून ठेवली. मुलीने दहाच्या दहा मारल्या. कॉपी करणारा नेहमी गरजेपेक्षा जास्त उतरवतो, सुभेदारसाहेब.

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं वापरलं होतं. तिथेही ते चाललं.

रशीदभाई मैदान चालत आले तेव्हा त्यांच्या बोटांना खळ होती आणि पेन्सिल सवयीने कानावर होती. सगळे त्या कानाकडे बघायला लागले. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, काय बघतायत म्हणून. मग समजल्यावर शांतपणे म्हणाले, चिठ्ठ्या काढून बघा, गोळीच्या भोकाला काळी कड असते, पेन्सिलीच्या नसते. चिठ्ठ्या काढल्या. ओल्या खळीबरोबर भोकांच्या कडाही उचकटून आल्या. काहीच सांगता येईना. ज्या पद्धतीने मोजणी चुकू नये, तिनेच पुरावा गेला.

चौदातल्या दहा कोणत्या हे ठरत नाही म्हणून नसीमचे गुण रद्द झाले. ती माझ्याकडे बघत राहिली. फळ्यावर गणित चुकलं की वर्गातली हुशार मुलं अशी बघतात. ओरडत नाहीत. सरांना स्वतःला दिसेल म्हणून वाट बघतात.

ती चाचणीला गेली नाही. पुढे नेमबाजीचं जाड जॅकेट तिने क्लबातल्याच एका मुलीला देऊन टाकलं. रशीदभाईंना खंदकात उतरू नका असं सांगण्यात आलं. त्यांनी क्लबच सोडला. पेठेत गोष्ट पसरायला आठवडा पुरला. न्हाव्याकडे एकजण म्हणाला, "ही माणसं अशीच." त्या 'ही'मध्ये काय भरलेलं होतं ते मला नीट कळलं. माझ्या मानेला वस्तरा लागलेला होता, म्हणून बोललो नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आमच्या मुलीने पर्थहून खटपट करून मिळवलेला आमचा व्हिसा येऊन पडला होता आणि मीच तारीख पुढे ढकलत होतो. म्हातारपणी परक्या देशात काय करायचं, असं म्हणत होतो. त्या रविवारनंतर मी तिला फोन करून तिकिटं काढायला सांगितलं. ती आनंदाने रडली. ही मात्र माझ्याकडे संशयाने बघत होती. माझ्याबरोबर राहून तीही शिकली होती.

निघायच्या आठवड्यात रशीदभाई स्वतः तीन मजले चढून आले. वडिलांचं घड्याळ घेऊन. त्या रविवारच्या आधी दुरुस्तीला टाकलेलं, मी ते न्यायला गेलोच नव्हतो. हिने चहा ठेवला, ते बसले नाहीत. घड्याळ माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "मागे पडायचं ते काढलंय." दारात चपला घालताना खाली बघतच म्हणाले, "सर, जाण्याआधी चष्मा तपासून घ्या. तिकडे डॉक्टरची वेळ लवकर मिळत नाही म्हणतात."

त्यांना माहीत होतं. आणि तरी ते मला रागावून नव्हे, दार उघडं ठेवून गेले. मी म्हणालो, "बघतो." जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून तळापर्यंत ऐकला. हाक मारायला तीन मजल्यांचा वेळ होता.

इथलं आयुष्य सुखाचं आहे, खोटं कशाला सांगू. कचऱ्याचे बिन कधी बाहेर ठेवायचे, घरासमोरच्या ड्राइव्ह-वेमध्ये कोणी गाडी लावायची, सगळं ठरलेलं. आमच्या कोपऱ्यावर एक बाई झाडाची लिंबं टोपलीत घालून फुटपाथवर ठेवते, हवी त्याने न्यावीत. पहिलं वर्षभर मी त्या टोपलीवर खिडकीतून पाळत ठेवली. कोण किती नेतो, बाई पडद्याआडून बघते का. ती बघत नव्हती. दुकानात आपलं सामान आपणच मशीनवर दाखवून निघायचं, कोणी बाही तपासत नाही. ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्या बघायची सवय, त्याला अशा देशात फार मोकळा वेळ मिळतो. तो मी स्वतःकडे बघण्यात घालवला.

जावयाच्या एका सहकाऱ्याने एकदा मला इथल्या लांब पल्ल्याच्या मैदानावर नेलं, नुसतं बघायला. एका माणसाने पडल्यापडल्याच हात वर केला आणि शेजाऱ्याला सांगितलं, माझी एक तुझ्यावर गेली. शेजारी म्हणाला, ठीक. वहीत खूण झाली. नेम पुढे सुरू झाला. सगळं मिळून एक मिनिट लागलं नाही. ऊन सोसत नाही असं सांगून मी गाडीत जाऊन बसलो.

रशीदभाई गेल्याचं पेठेतल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. खाली ओळीने जोडलेले हात आले होते. मीही एक जोडला.

मागच्या हिवाळ्यात घर विकायच्या कामासाठी पुण्याला गेलो. या वेळी शनिवार पेठेतून गेलो. दुकान उघडं होतं आणि काउंटरमागे डोळ्याला भिंग लावून नसीम बसली होती. लॅबची नोकरी सोडून तिने दुकान चालवायला घेतलं आहे. कपाळावरचे केस पांढरे झालेत. मी वाक्य पर्थपासून पाठ करून आलो होतो. पण तोंडातून निघालं ते हे, की घड्याळ मागे पडतं आहे.

तिने मागचं झाकण उघडलं. घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतात, हे मला माहीत नव्हतं. "अब्बांची आहे," ती म्हणाली आणि भिंग माझ्याकडे दिलं. तारीख त्या रविवारनंतरच्या सोमवारची होती. म्हणजे दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी माझं घड्याळ समोर घेतलं होतं.

तिने ते टिकटिक तपासायच्या यंत्रावर ठेवलं, थोडा वेळ ऐकलं, झाकण लावलं. "बरोबर चालतंय, सर. मागे नाही." पण लगेच परत दिलं नाही. हातात धरून ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. थांबून.

"आणखी काही, सर?"

"नाही," मी म्हणालो. तोच शब्द, तोच आवाज.

घर विकलं. नारायण पेठेत आता माझं काही नाही, आणि पर्थमध्ये मी कोणाकडे तरी राहायला आलो आहे ही भावना जात नाही. घर म्हणून डोळ्यांसमोर येतो तो शनिवार पेठेतला दीड हाताचा काउंटर, जिथे मला अजून एक वाक्य बोलायचं आहे. वडिलांचं घड्याळ मी इथेही पुण्याच्या वेळेवर ठेवलंय. लोकांना ते प्रेम वाटतं.

हा अंक इथल्या मंडळापुरता निघतो. नसीमच्या हाती तो पडणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं, आणि त्यामुळेच लिहायचं धाडस झालं का, असा संशय मला माझ्याच लिहिण्याबद्दल आहे. तरी जे काउंटरवर निघालं नाही ते इथे लिहितो. नसीम, मला माफ कर. रशीदभाई, तुम्ही मोजलेली बरोबर होती. चौदा. दहा तुमच्या मुलीची, चार माझी.